अर्ध्या कांद्याचा डबा

"कांदे आहेत," आमचे हे खोक्यातून डोकं वर काढून म्हणाले.

"कांदे कसे असतील? पाच प्रकार मागवलेत मी."

"या खोक्यात कांदे आहेत. त्या खोक्यात कांदे आहेत. पाचही उघडली मी, हेमा. सगळे कांदेच."

तीळ भाजता भाजता मी गॅस बंद केला आणि बाहेर आले. हॉलभर पुठ्ठे आणि प्लास्टिक पसरलेलं, आणि मधोमध आमचे हे, हातात एक जांभळा कांदा घेऊन बसलेले. खराखुरा कांदा नव्हे. कांद्याच्या आकाराचा प्लास्टिकचा डबा. मधून उघडायचा, वर देठाच्या जागी हिरवी मूठ. चिरून उरलेला अर्धा कांदा त्यात ठेवायचा, म्हणजे फ्रीजला वास लागत नाही, असं खोक्यावर छापलं होतं.

आता मला सांगा, आपल्या घरांत अर्धा कांदा उरतो कधी? वीस वर्षं संसार केला मी. उरलाच अर्धा, तर तो आमटीत जातो, नाहीतर ह्यांच्या ताटात जातो. त्याला राहायला स्वतंत्र घर लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मोबाईल काढून ऑर्डर बघितली. चूक माझीच होती. कांद्याचा डबा, साबणदाणी, गाळणी, किसणी आणि मसाल्याचा चमचा अशा पाच वस्तू. प्रत्येकीपुढे एकेक खोकं लिहायचं, ते मी पहिल्याच वस्तूपुढे पाच खोकी लिहून मोकळी झाले होते. पहिली वस्तू कांदा. चष्मा तेव्हा देवघरात राहिला होता. एका खोक्यात चाळीस, म्हणजे दोनशे कांदे. आणि खाली तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं, घाऊक माल परत घेतला जाणार नाही. संक्रांत चार दिवसांवर होती. मी तिथंच पुठ्ठ्यावर बसले आणि रडायला लागले.

जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, प्लास्टिकच्या डब्यांपायी बाई रडते काय! ही गोष्ट नऊ-दहा वर्षांपूर्वीची. आमचे हे एमआयडीसीत एका कंपनीत नटबोल्टांचं स्टोअर सांभाळायचे. एकोणीस वर्षं सांभाळलं. मग मे महिन्यात कंपनीनं चौदा माणसं काढली, त्यात हे. लेक कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. आम्ही सांगलीत अशा कॉलनीत राहतो, की तुमच्या कुकरच्या शिट्ट्या शेजारीण मोजते आणि संध्याकाळी विचारते, आज डाळ जुनी होती का गं?

तिसऱ्याच दिवशी साखळकर वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "काय गं हेमा, भाऊजी घरीच?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कंपनीनं त्यांना घरून काम दिलंय. कॉम्प्युटरवर."

आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. घरून काम ही भानगड तेव्हा कुणाच्या कानावरूनही गेली नव्हती. पण साखळकर वहिनी म्हणाल्या, "हो का? बरंय की मग, पेट्रोल वाचलं." आणि आत गेल्या. मला वाटलं, जमलं. एकदा बोललं की निभवावं लागतं. तेव्हापासून रोज दहाला हे इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत बसायचे आणि सहाला बाहेर यायचे. मधल्या वेळात दार बंद. मीच सांगितलं होतं तसं. चारचौघांत मान खाली घालण्यापेक्षा चार भिंतींत बसलेलं बरं, असं मला वाटायचं.

आणि घर चालवायला मी सुरू केला माल विकायचा धंदा. अॅपवरून फोटो उचलायचे, वर आपले थोडे पैसे चढवायचे, आणि कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे. कुर्ते, चादरी, भांडी, नाही ते. ऑर्डर आली की माल मागवायचा आणि पोचता करायचा. सगळ्यांना सांगायचे, "छंद हो माझा, दुसरं काय! वेळ जात नाही." छंद म्हटल्यावर लोकही छंदासारखंच वागतात. मगदूम मॅडमनी माझ्याकडून चिंतामणी रंगाची साडी घेतली, भाचीच्या लग्नात नेसली, जेवल्या, फोटो काढले आणि सोमवारी परत आणून दिली. म्हणाल्या, "पोत आवडला नाही गं." पदरावर मठ्ठ्याचा डाग. मी हसून परत घेतली. छंदच ना माझा!

मग डिसेंबरात नवलच झालं. आठवड्याभरात पाच जणी एकेकट्या येऊन विचारून गेल्या, "हेमा, यंदा हळदीकुंकवाला लुटायला काही वाण आहे का गं तुझ्याकडे? चाळीस नग लागतील." मी हरखले. जवळ होतं नव्हतं ते, म्हणजे नोव्हेंबरात लागलेली भिशीची सगळी रक्कम, मी या मालात घातली. तोच माल आता माझ्या हॉलमध्ये जांभळा होऊन पडला होता.

वाणाचं शास्त्र साधं आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीकडे हळदीकुंकू. येणाऱ्या बाईला तिळगूळ द्यायचा आणि वाण म्हणून एक वस्तू. पण ती वस्तू दुसरीनं लुटलेली नसावी! आदल्या वर्षी आमच्याकडे दोघींनी एकच चहाची गाळणी लुटली, तर त्या दोघी होळीपर्यंत एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि इथं पाच घरं, पाचही घरी जाणाऱ्या बायका त्याच, आणि पाचही घरी कांदा.

"सरळ सांगून टाक," हे म्हणाले. "चूक झाली म्हणावं. एकीनंच कांदे घ्या, बाकीच्यांनी बाजारातून आणा."

"आणि म्हणाल्या, मग परत पाठव की, तर? परत जात नाही म्हटलं, तर म्हणतील, राहू दे पडून, तुला काय कमी आहे? काय सांगू मग? कमी आहे म्हणून सांगू?"

ह्यांनी हातातला कांदा खोक्यात ठेवला आणि उठले. आतल्या खोलीत जायची त्यांची वेळही झाली होती.

मी डोळे पुसले, पदर खोचला आणि एक कांदा पिशवीत घालून साखळकर वहिनींकडे गेले. साखळकर वहिनी म्हणजे आमच्या भिशीच्या प्रमुख. त्यांच्या होकाराशिवाय कॉलनीत पापड वाळत नाहीत.

"वहिनी, हे फक्त तुमच्यासाठी काढून ठेवलंय," मी आवाज खाली आणून म्हटलं. "कॉलनीत दुसऱ्या कुणाला दाखवलेलंसुद्धा नाही. तुम्हीही दाखवू नका. कागदात बांधूनच देते सगळे."

वहिनींनी कांदा उघडला, मिटला, नाकाशी नेऊन वास घेतला.

"वेगळं आहे," म्हणाल्या. "पण दोन रुपये कमी कर."

"वहिनी, परवडत नाही हो."

"तुला परवडायचं काय त्यात? छंद ना तुझा?"

नगामागे दोन रुपये कमी केले. तिथून मगदूम मॅडमकडे. "हे फक्त तुमच्यासाठी, मॅडम." त्यांनीही दोन रुपये कमी करायला लावले. मग आणखी दोन घरं. शेवटी आवटी काकूंकडे. त्या सगळ्यांत वयानं मोठ्या आणि सोवळ्याच्या.

"कांदा?" काकू दोन पावलं मागे सरकल्या. "सुवासिनीच्या हातात हळदीकुंकवाला कांदा देऊ मी?"

"कांदा नव्हे हो काकू, डबा आहे. लिंबू ठेवा, पेढे ठेवा."

"दिसतो तर कांदा! चातुर्मासात माझ्याकडे कांद्याचं नाव काढत नाहीत."

"चातुर्मास कधीच संपला, काकू. आणि कॉलनीत कुणाकडेच नसेल असं वाण."

काकूंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. पण म्हणाल्या, "ठेव. तीन रुपये कमी लावशील तर ठेव."

संध्याकाळपर्यंत दोनशे कांदे खपले. हे म्हणाले, "हेमा, पुढं काय होणार ते कळतंय ना तुला?" मी म्हटलं, "पुढचं पुढं. पैसे आले ना?" पण रात्री जेवण गेलं नाही मला. एकदा का पहिल्या दोन घरी कांदे निघाले, की सगळ्या मिळून माझ्या दारात येणार. पैसे परत मागणार. ते तर मी त्याच दिवशी लेकीच्या मेसला पाठवून दिले होते. मग खरं काय ते सांगावं लागणार, आणि उभ्या कॉलनीला कळणार की आम्हा लोंढ्यांच्या घरात पगार नाही.

पहिलं हळदीकुंकू साखळकर वहिनींचं. मी जाऊन कोपऱ्यात बसले. कागद फाटले, जांभळे कांदे बाहेर आले.

"अय्या, काय गोड आहे! कुठून आणलंत वहिनी?"

"पुण्याहून मागवलं," साखळकर वहिनी पापणी न हलवता म्हणाल्या.

बाकीच्या ज्या चौघींनी माझ्याकडून कांदे घेतले होते, त्या चौघीही तिथंच होत्या. मी एकेकीचा चेहरा बघितला. एकमेकींकडे बघत होत्या, पण एक शब्द नाही. मगदूम मॅडमनी तर कांदा उलटासुलटा करून म्हटलं, "असं कधी बघितलंच नव्हतं बाई!" पाऊणेक तासानं मी घरी आले तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता.

दोन दिवसांनी मगदूम मॅडमचं. पुन्हा कागद, पुन्हा कांदा, पुन्हा "अय्या!" आणि मॅडम म्हणतात कशा, "आमच्या ह्यांच्या ओळखीतून आले." कुणी म्हणालं नाही की अहो, हाच परवा मिळाला. तिसऱ्या घरी कांदा. चौथ्या घरी कांदा. प्रत्येक ठिकाणी तेच कौतुक, तीच नवलाई. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघितलंत? एकेकीचा तोरा! फसलो म्हणून कबूल करायला जीभ रेटत नाही एकीचीही. बायकांचा मोठेपणा म्हणजे असाच. नाक कापलं तरी चालेल, पण कापलंय म्हणून सांगायचं नाही." आणि मी पोट धरधरून हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "मला विचित्र वाटतंय." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय बायकांतलं."

शेवटचं आवटी काकूंचं. ते दुपारी चार ते पाच, कारण साडेपाचला त्यांची मालिका असायची. त्यांच्या सुनेचा, ऋजुताचा, पहिलाच संक्रांतसण होता. ती पुण्याला नोकरी करते, सणासाठी आठ दिवसांची रजा काढून आलेली. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्याला हलव्याचा मुकुट. सासूबरोबर चारही घरी जाऊन आली होती. पण आमची नुसती तोंडओळख. मी कोण, कुठल्या घरातली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

काकू हळदीकुंकू लावत होत्या आणि ऋजुता वाण देत होती. माझ्यापर्यंत आली, पिशवीत हात घातला आणि हसतच सुटली.

"अहो आई, पाचवा कांदा! दोघींचे मिळून आठ घरी आहेत, आता हे चाळीस!"

"ऋजुता," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "काय सांगितलं होतं मी तुला?"

"कुणाच्या घरी बोलायचं नाही म्हणाला होतात. हे तर आपलंच घर. आणि मला पटलंय हो ते. कुणाच्या तरी मिस्टरांची नोकरी गेली, म्हणून वाण सगळ्यांनी त्यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलंत, छानच केलंत. पण निदान वेगवेगळं तरी घ्यायचं ना! घ्या काकू." आणि तिनं तो डबा माझ्या हातात दिला.

खोलीत पंधरा-वीस बायका होत्या. ऋजुतानं सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"बस गं हेमा," साखळकर वहिनी म्हणाल्या. मी उठून उभी राहिले होते, ते मला त्यांनी म्हटल्यावर कळलं.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"मे महिन्यापासून. गेटवर यादी लावली होती ना कंपनीनं. आमचे हे त्याच रस्त्यानं जातात. चौथं नाव भाऊजींचं."

"मग मी घरून काम म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा काय! नटबोल्ट कुणी घरून देतं होय गं? पण तू म्हणालीस, मी मान डोलावली. तुला तसं बरं वाटत असेल तर आपण कशाला खोडून काढायचं?"

"भिशीत ठरलं आमचं," मगदूम मॅडम म्हणाल्या. "तू आली नव्हतीस त्या महिन्यात. यंदा वाण हेमाकडूनच घ्यायचं म्हणून. आता पाचही जणींना कांदाच देशील, हे कुणाला माहीत! पहिल्या दिवशी वहिनींकडे कागद फोडला आणि आत माझाच कांदा!"

"मला फोन केला हिनं रात्री," साखळकर वहिनी म्हणाल्या. "म्हणाली, माझ्याकडेही कांदेच आहेत. मी म्हटलं, असू देत. सगळ्यांनी तोंड मिटून 'अय्या' म्हणायचं."

मला एवढी लाज वाटली की अंगातून वाफा निघाल्या. आणि लाज वाटली की मला राग येतो, माझा स्वभावच तसा.

"एवढी दया आली होती, तर दोन दोन रुपयांसाठी घासाघीस कशाला केलीत माझ्याशी? जीव काढलात!"

"नसती केली, तर तुला संशय आला नसता?" साखळकर वहिनी तितक्याच जोरात म्हणाल्या. "जन्मात कधी मी भाव न करता काही घेतलंय? आणि चाळीस नगांचे दोन दोन रुपये म्हणजे काय थोडे होतात?"

"आणि ती साडी?" मी मगदूम मॅडमकडे वळले. "लग्नात नेसून परत केलीत ती?"

"ती खरंच आवडली नव्हती गं मला," मॅडम कळवळून म्हणाल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. मला मात्र रडू फुटलं. "भीक नको होती मला," मी म्हटलं.

"भीक कसली मेले!" आवटी काकू पुढे आल्या. त्यांच्या एका हातात हळदीची वाटी, एका हातात कुंकवाची. "माझ्या सोवळ्याच्या घरात अठ्ठेचाळीस कांदे आले. भीक घातलीच असेल तर ती तू आम्हाला घातलीस. डोळे पूस आणि कपाळ पुढं कर. कुंकू ओघळेल."

मी कपाळ पुढं केलं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला काय आणणार आहेस, आणि काहीही आण पण भाजीपाला नको, असं चाललं होतं. मी हो हो म्हणत होते. त्या बायकांना गेले आठ महिने मी मूर्ख समजत होते, तेवढंच मला सारखं आठवत होतं.

घरी आले तेव्हा पाच वाजायचे होते. आतल्या खोलीचं दार बंद होतं. मी ते उघडलं. हे इस्त्रीच्या शर्टात टेबलापाशी बसले होते. टेबलावर काही नव्हतं, जुनी वर्तमानपत्रं सोडून.

"काय झालं?" मला बघून उठले. "परत आणून टाकले का कांदे?"

"नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"कांद्यांचं?"

"तुमचं."

त्यांनी टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मे महिन्यापासून. गेटवर यादी लागली होती."

मला वाटलं, चिडतील. तू मला कोंडून ठेवलंस म्हणतील. आणि म्हणायला हवंच होतं त्यांनी, मी ऐकून घ्यायला तयार होते. पण त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला सात मिनिटं कमी होती. खिडकीचा पडदा बोटानं जरासा बाजूला केला. बाहेर कॉलनीच्या बागेत अजून ऊन होतं, आणि बाकावर साखळकर भाऊजी पेपर वाचत बसले होते.

"हेमा," ते म्हणाले, "मग मी आत्ता बाहेर जाऊ का?"

मी नुसती मान डोलावली.

त्यांनी चपला घातल्या. दारात जरा थांबले, शर्टाची कॉलर नीट केली, आणि पायऱ्या उतरून गेले.